गणपतीच्या देखाव्याला एआरची जोड: पहिल्यांदाच करणाऱ्या मंडळांसाठी

आमचं मंडळ साताऱ्यातलं, एका गल्लीपुरतं. वर्गणी बेताची, मंडप रस्त्याच्या कडेला, आणि मान वर केली की समोर अजिंक्यतारा. दोन वर्षांपूर्वी आम्ही याच किल्ल्याच्या वेढ्याचा देखावा करायचं ठरवलं. औरंगजेबाने डिसेंबर १६९९मध्ये वेढा घातला, प्रयागजी प्रभूंनी किल्ला झुंजवला आणि एप्रिल १७००मध्ये तो मोगलांच्या हाती गेला. या वेढ्यातला सगळ्यात थरारक प्रसंग सुरुंगांचा आहे. पहिल्या सुरुंगाने प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर निघाले. दुसरा उडाला तेव्हा तट बाहेरच्या बाजूला, मोगलांच्याच सैन्यावर कोसळला.

हा कोसळणारा तट पुठ्ठ्यात आणि मातीत दाखवायचा कसा? मोटर लावून एकदा पाडता येईल, पण दर दोन मिनिटांनी परत उभा कोण करणार? तिथून आम्ही ऑगमेंटेड रिॲलिटीकडे, म्हणजे एआरकडे वळलो. फ्लेक्सवरच्या नकाशासमोर फोन धरायचा, त्यातून किल्ला वर येतो, सुरुंग उडतो, तट ढासळतो.

पहिल्या वर्षी निम्म्या लोकांना काहीच दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी नीट चाललं. मी बँकेत नोकरी करते, प्रोग्रामिंग शिकलेले नाही. माझ्याबरोबर होती ती अकरावी-बारावीतली तीन मुलं. म्हणजे हे काम तुमच्याही मंडळाला जमेल. आमचे जे दोन महिने चाचपडण्यात गेले ते तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी थोडं मूळ. २०१६च्या जुलैमध्ये पोकेमॉन गो हा एआरवरचा मोबाइल गेम आला आणि रस्त्यावर फोन धरून फिरणारी माणसं जगभर दिसू लागली. भारतात तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अधिकृतपणे आला. पुढच्या वर्षी ॲपलने एआरकिट आणि गूगलने एआरकोअर ही फोनवर एआर चालवणारी साधनं आणली. आता तर ॲपसुद्धा लागत नाही, साध्या ब्राउझरमध्ये काम होतं. आपल्याकडे अशा करामतींची ओढ त्याहून जुनी आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९०च्या दशकात शांबरिक खरोलिका केली होती. काचेवरची रंगवलेली चित्रं पडद्यावर हलायची आणि शेजारी माणसं संवाद म्हणायची. गणपतीतले हलते देखावे त्याच हौसेतले. म्हणून मंडळात कुणी म्हणालं की "हे मोबाइलचं खूळ आपलं नाही", तर त्यांना खरोलिकेची गोष्ट सांगा. आमच्या अध्यक्षकाकांना तीच पटली.

१. आधी जागा ठरवा, तंत्र नंतर

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मुलं उत्साहाने म्हणतात, मूर्तीसमोर फोन धरला की मागे प्रभावळ फिरली पाहिजे. आम्हीही तेच करणार होतो. एका आजींनी विचारलं, "मग दर्शन कधी घ्यायचं?" त्या दिवसापासून आमचा नियम ठरला: मूर्तीच्या दहा फुटांत एआर नाही. तिथे माणसाने हात जोडावेत, फोन खिशात ठेवावा.

एआरची खरी जागा म्हणजे दर्शनाची रांग. तिथे माणसं उभी असतात, कंटाळलेली असतात, फोन आधीच हातात असतो. रांग जिथे वळते किंवा थांबते, तिथे फ्लेक्स लावा. जिथून लोकांनी भराभर पुढे सरकावं असं तुम्हाला वाटतं, तिथे कधीच लावू नका. पहिल्या वर्षी आमचा फ्लेक्स मंडपाच्या तोंडाशी होता. लोक थांबले, मागची रांग रस्त्यावर गेली आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांनी तो काढायला लावला. त्यांचं बरोबरच होतं.

संध्याकाळी सात ते दहा या वेळात त्या जागी स्वतः अर्धा तास उभे राहा. माणसाला मागे सरकायला किती जागा मिळते ते पाहा. फ्लेक्सचा आकार त्यावरून ठरतो. दहा फुटी फ्लेक्स रांगेतल्या माणसाच्या कॅमेऱ्यात मावत नाही, कारण तो मागे जाऊच शकत नाही. आम्ही दुसऱ्या वर्षी दोन बाय तीन फुटांचे चार फ्लेक्स छातीच्या उंचीवर, थोड्या थोड्या अंतराने लावले. चारही ठिकाणी तेच चित्र. गर्दी आपोआप वाटली गेली.

२. काय काय लागेल

- एक बऱ्यापैकी लॅपटॉप. फार महागडा नको, पण ब्लेंडर हा प्रोग्राम चालला पाहिजे.
- निदान चार वेगवेगळे फोन: एक जुना स्वस्त अँड्रॉइड, एक नवा अँड्रॉइड, दोन आयफोन. हे मंडळाच्या कार्यकर्त्यांकडेच मिळतात.
- ब्लेंडर (त्रिमित, म्हणजे थ्रीडी कामासाठी) आणि इंकस्केप (अक्षरांसाठी). दोन्ही फुकट.
- फोटोंवरून त्रिमित नमुना बनवणारं एखादं ॲप. रिॲलिटीस्कॅन किंवा पॉलीकॅम.
- गिटहबवर, म्हणजे फाइली आणि वेबपानं ठेवायच्या संकेतस्थळावर, मंडळाच्या नावाचं खातं. ते मंडळाच्या ईमेलवर उघडा, कुणाच्या वैयक्तिक ईमेलवर नको. मुलं शिक्षणासाठी बाहेरगावी जातात आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो.
- मॅट फिनिशची छपाई करून देणारा फ्लेक्सवाला.
- एक जुना टीव्ही किंवा मॉनिटर. कशासाठी ते पुढे येईल.
- कागदपत्रं: मंडपाच्या नेहमीच्या परवानग्यांच्या प्रती, चित्रकार, आवाज देणारे आणि संगीत देणारे यांची लेखी संमती, आणि छापलेल्या फ्लेक्सच्या मूळ फाइली.

वेळेचं म्हणाल, तर आषाढात सुरुवात करा. श्रावणात सगळं चालू स्थितीत हवं. चतुर्थीच्या आठ दिवस आधी काहीही बदलायचं नाही, अगदी एक रंगसुद्धा.

३. रस्ता निवडा: ॲप, फिल्टर की ब्राउझर

ॲप नको. रांगेतला माणूस गणपतीच्या गर्दीत, मोबाइल डेटा रडतखडत चालत असताना ॲप उतरवून घेणार नाही.

सोशल मीडियावरचे फिल्टर सोपे असतात, पण ते दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहण्यासारखं आहे. मेटाच्या स्पार्क एआरवर जगभरच्या कलाकारांनी इन्स्टाग्रामचे फिल्टर बनवले होते. १४ जानेवारी २०२५ला ते व्यासपीठ बंद झालं आणि बाहेरच्या लोकांनी बनवलेले सगळे फिल्टर गेले. दर वर्षी वापरायचं काम अशा ठिकाणी ठेवू नये.

उरतो ब्राउझर. आम्ही माइंडएआर नावाचं मुक्त स्रोत साधन वापरलं. ते ए-फ्रेमबरोबर चालतं. ए-फ्रेम मूळचं मोझिलाकडचं, वेबपानावर त्रिमित दृश्यं उभी करण्यासाठी बनवलेलं. माइंडएआर छापील चित्र ओळखतं आणि त्यावर तुमची वस्तू चिकटवून ठेवतं. सगळं काम त्या माणसाच्या फोनमध्येच होतं, कॅमेऱ्याचं चित्र कुठेही पाठवलं जात नाही. शिवाय फोनला एआरकोअरचा आधार असण्याची गरज नाही. स्वस्त फोनवर आमचं काम चाललं ते यामुळे.

४. ओळखीचं चित्र: इथेच निम्मं काम आहे

फोन ज्या छापील चित्राला ओळखणार, त्याला लक्ष्यचित्र म्हणू. माणसाला सुंदर वाटणारं चित्र फोनला ओळखता येईलच असं नाही. फोन चित्रातले ठळक कोपरे आणि खुणा शोधतो. एकसारखा भगवा पृष्ठभाग आणि मध्ये एक मोठं ॐ, हे चित्र त्याच्या दृष्टीने जवळजवळ कोरं असतं. आमच्या पहिल्या फ्लेक्सचं तेच झालं.

चांगल्या लक्ष्यचित्रात बारीक तपशील सगळीकडे पसरलेले असतात, उजेड-काळोखाचा फरक ठळक असतो, आणि डावी-उजवी बाजू सारखी नसते. तोरण, जाळी, रांगोळीचा साचा असे पुन्हा पुन्हा येणारे नक्षीकाम टाळा. फोनला त्यातलं कोणतं पान कुठलं ते कळत नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही हाताने काढलेला किल्ल्याचा नकाशा वापरला: वाटा, तळी, बुरूज, झाडं, छावणीचे तंबू. गल्लीतल्या चित्रकलेच्या बाईंनी शाईने काढून दिला. फोनने तो क्षणात ओळखला आणि लोकांनाही तो नुसता बघायला आवडला. ज्यांनी फोन काढलाच नाही, त्यांनाही काहीतरी मिळालं पाहिजे हे लक्षात ठेवा.

चित्र तयार झालं की माइंडएआरच्या संकेतस्थळावरच्या कंपायलरमध्ये ते टाका. थोड्या वेळात तो चित्रावर सापडलेल्या खुणा ठिपक्यांनी दाखवतो. ठिपके सगळीकडे विखुरलेले दिसले तर उत्तम. एका कोपऱ्यात गोळा झालेले असतील तर चित्र बदला. छपाईला द्यायच्या आधी हे करायचं. मग जी फाइल मिळते ती उतरवून ठेवा.

छपाईबद्दल तीन गोष्टी. चकचकीत फ्लेक्स घेऊ नका, मंडपातले दिवे त्यात चमकतात आणि चित्र पुसलं जातं. मागून दिवा लावलेला ग्लो साइन बोर्डही नको. आणि फ्लेक्सवाल्याला निक्षून सांगा की चित्र ताणायचं नाही, कापायचं नाही, वर अध्यक्षांचे आणि शुभेच्छुकांचे फोटो चिकटवायचे नाहीत. ते फोटो वेगळ्या फ्लेक्सवर घ्या. आमच्याकडे यावरून एक पूर्ण बैठक झाली, पण हा आग्रह सोडू नका.

५. किल्ला कसा उभा केला

डोंगराचा आकार फुकट मिळतो. २०००च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अंतराळयानाने रडारने पृथ्वीचे चढउतार मोजले, ती माहिती सगळ्यांना खुली आहे. ब्लेंडरजीआयएस नावाच्या जोडणीने (ॲड-ऑनने) ती थेट ब्लेंडरमध्ये येते. पण तिच्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण तीस मीटर. डोंगर दिसतो, तट-बुरूज दिसत नाहीत.

मग मुलांनीच तोड काढली. दर दिवाळीत अंगणात किल्ला करतो तसाच करायचा. दोन दिवसांत त्यांनी पोती, विटा आणि लाल मातीचा चार फुटांचा अजिंक्यतारा उभा केला, तट आणि दरवाजांसकट. ढगाळ दुपारी त्याच्याभोवती तीन उंचीवरून फिरत दीडशेच्या आसपास फोटो काढले आणि ॲपने त्यांचा त्रिमित नमुना बनवला. ओल्या मातीचा पोत, बोटांचे ठसे, सगळं त्यात आलं. बाजारातल्या तयार नमुन्यात हे कधीच आलं नसतं. माझ्या मते आमच्या देखाव्याचा जीव तो आहे.

तुम्हीही हा मार्ग धरणार असाल तर एवढं पाळा. ऊन नको, सावल्या नमुन्यात छापल्या जातात. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा. पाण्याची तळी आरशाने किंवा काचेने दाखवू नका, चमकणाऱ्या वस्तूवर ॲप गोंधळतं. तळी नंतर ब्लेंडरमध्ये घाला.

ॲपमधून येणारा नमुना फार जड असतो. तो ब्लेंडरमध्ये हलका करावा लागतो. आमचं गणित असं होतं: नमुन्याचा पृष्ठभाग ज्यांनी बनतो ते त्रिकोण पन्नास हजारांपेक्षा कमी, पोताचं चित्र १०२४ पिक्सेलचं, आणि पूर्ण फाइल पाच एमबीच्या आत. निर्यात जीएलबी प्रकारात करा, त्यात सगळं एकाच फाइलमध्ये राहतं. फाइल आणखी लहान करणारी कॉम्प्रेशनची खूण तिथे असते. नमुना दिसलाच नाही, तर आधी ती खूण काढून पाहा.

तट कोसळण्यासाठी आम्ही तटाचा तो तुकडा वेगळा कापला आणि त्याला साधी हालचाल दिली. इथे एक गोष्ट माहीत नसल्यामुळे आमचे चार दिवस गेले: ए-फ्रेम स्वतःहून जीएलबीमधली हालचाल चालवत नाही. त्यासाठी ए-फ्रेम एक्स्ट्राज नावाची जोडणी पानात घालून ॲनिमेशन मिक्सर लावावा लागतो.

त्रिमित काम झेपणार नसेल तर व्हिडिओ वापरा, त्यात कमीपणा काही नाही. तीस सेकंदांचा, ७२० पिक्सेल उंचीचा, सेकंदाला एक मेगाबिट वेगाचा एमपी४ घेतलात तर फाइल पावणेचार एमबीच्या आसपास राहते. व्हिडिओ आवाजासकट आपोआप सुरू होत नाही, ब्राउझर तसं करू देत नाहीत. म्हणून "सुरू करा" असं ठळक बटण ठेवा. आयफोनसाठी व्हिडिओ पानातच चालवण्याची सूचनाही लिहावी लागते, नाहीतर तो पूर्ण पडद्यावर उघडतो आणि एआर मागे राहतं.

६. मराठी अक्षरं मोडतात, त्याचा उपाय

ए-फ्रेममध्ये मजकूर दाखवायची सोय आहे, पण ती देवनागरीसाठी नाही. जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. "अजिंक्यतारा" हा एक शब्द धड उमटला नाही.

उपाय सोपा आहे. मजकूर इंकस्केपमध्ये लिहा, पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्रात काढा आणि ते चित्र दृश्यात ठेवा. त्रिमित अक्षरं हवी असतील तर इंकस्केपमध्येच अक्षरांचं रेषांमध्ये रूपांतर करून एसव्हीजी फाइल ब्लेंडरमध्ये न्या. टंक (फाँट) म्हणून मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे दोन्ही फुकट आहेत आणि लांबून वाचता येतात. बारीक अक्षर टाळा. एका वेळी सहा-सात शब्दांपेक्षा जास्त मजकूर कुणी वाचत नाही.

७. जोडणी

माइंडएआरच्या माहितीपत्रात सुरुवातीचं एक तयार पान आहे, तेच कॉपी करा. त्यात बदलायचं ते एवढंच: लक्ष्यचित्राच्या फाइलचं नाव, तुमच्या नमुन्याच्या फाइलचं नाव, आणि नमुन्याची जागा व आकार.

जागा ठरवताना हे लक्षात ठेवा. छापील चित्राची रुंदी म्हणजे एक एकक, मग फ्लेक्स प्रत्यक्षात कितीही मोठा असो. पहिला आकडा उजवीकडे, दुसरा वर, तिसरा फ्लेक्समधून तुमच्याकडे. आमचा किल्ला पहिल्यांदा फ्लेक्सच्या पाठीमागे उगवला होता, तिसरा आकडा उणे होता म्हणून.

वस्तू थरथरत असेल तर माइंडएआरच्या दोन आकड्यांशी खेळायचं असतं. फिल्टर मिन सीएफ (filterMinCF) कमी केला की थरथर कमी होते, फिल्टर बीटा (filterBeta) वाढवला की वस्तू मागे रेंगाळत नाही. एकाच वेळी दोन्ही बदलू नका.

आणखी एक अडचण सगळ्यांना येते. लॅपटॉपवर फाइलवर दोनदा टिचकी मारून पान उघडलं तर काही दिसत नाही. छोटा स्थानिक सर्व्हर लागतो. व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्राममधली लाइव्ह सर्व्हर जोडणी पुरते. त्यानंतर तोच पत्ता घरच्या वायफायवरून फोनवर उघडला तर कॅमेरा नकार देतो. कारण ब्राउझर फक्त सुरक्षित, एचटीटीपीएस पत्त्यालाच कॅमेरा देतो. फोनवरची चाचणी थेट पुढच्या पायरीनंतर करा.

८. पान चढवणं आणि क्यूआर कोड

गिटहब पेजेसवर पान फुकट राहतं आणि एचटीटीपीएस आपोआप मिळतं. महिन्याला १०० जीबीपर्यंतची मर्यादा सांगितलेली आहे. पाच एमबीचं पान धरलं तर वीस हजार वेळा उघडता येईल, गल्लीच्या मंडळाला भरपूर झालं. ब्राउझरमधून चढवायची फाइल २५ एमबीच्या आत हवी.

फाइलींची नावं इंग्रजी लहान लिपीत, मोकळी जागा न सोडता ठेवा. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, गिटहबला पडतो. लॅपटॉपवर चालणारं पान तिथे मुकं होतं. बदल केल्यावर तो लगेच दिसला नाही तर घाबरू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा.

आता क्यूआर कोड. इंटरनेटवर फुकट कोड बनवून देणारी अनेक संकेतस्थळं तुमचा पत्ता थेट कोडमध्ये घालत नाहीत. ती स्वतःचा पत्ता घालतात आणि तिथून लोकांना तुमच्याकडे पाठवतात. त्यांचे फुकट वापराचे दिवस संपले की कोड बंद, आणि पैसे भरल्याशिवाय सुरू होत नाही. आमच्या बाबतीत हे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झालं, रांग लागलेली असताना. स्थिर कोडच घ्या. स्कॅन केल्यावर दिसणारा पत्ता तुमच्याच पानाचा आहे हे डोळ्यांनी तपासा आणि मगच छापा.

कोड लक्ष्यचित्राच्या खाली, वेगळ्या पट्टीवर छापा. शेजारी तीन ओळी पुरतात: "१. कोड स्कॅन करा. २. कॅमेऱ्याला परवानगी द्या. ३. फोन नकाशासमोर धरा." त्याखाली आम्ही लिहिलं होतं: "तुमचा फोटो किंवा व्हिडिओ आम्ही घेत नाही, साठवत नाही." ही ओळ वाचून बायका-मुली निर्धास्तपणे परवानगी देताना मी पाहिल्या आहेत.

लिंक इन्स्टाग्रामवर टाकणार असाल तर सावध. तिथून ती इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि कॅमेरा अडू शकतो. "क्रोम किंवा सफारीत उघडा" असं पानावरच लिहा.

९. हक्क आणि परवानग्या

गाण्याचा विषय मंडळं हलक्यात घेतात. संत रामदासांच्या आरतीचे शब्द सतराव्या शतकातले आहेत, त्यांच्यावर कुणाचा हक्क नाही. पण ती आरती एखाद्या गायिकेने गायलेली ध्वनिमुद्रिका ही वेगळी गोष्ट आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो आणि कवी-संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. पान इंटरनेटवर कायम राहणार आहे, म्हणून स्वतःचंच ध्वनिमुद्रण करा. आमच्याकडे गल्लीतल्या ढोल पथकाने वाजवलं आणि निवेदन एका निवृत्त शिक्षकांनी केलं. दोघांकडून एका कागदावर सही घेतली.

गडावर ड्रोन उडवायचा मोह होईल. परवानगीशिवाय नको. मातीचा किल्ला त्याहून चांगला दिसतो.

टीव्हीला स्पीकर जोडणार असाल तर तोही ध्वनिक्षेपकातच मोडतो. रात्री दहानंतर बंद, ज्या दिवशी शासनाने बारापर्यंत सवलत दिली असेल तेवढे दिवस सोडून.

१०. मंडपात तपासणी आणि ते दहा दिवस

घरात चाललेलं मंडपात चालत नाही. कारण दिवे. लुकलुकणाऱ्या एलईडी माळा आणि रंग बदलणारे फोकस लक्ष्यचित्रावर पडले की फोनला चित्र दर सेकंदाला वेगळं दिसतं. फ्लेक्सवर वरून तिरका, स्थिर, पांढरा दिवा लावा. डेकोरेशनवाल्याला आधीच सांगा, नंतर तो शिडी आणत नाही.

चाचणी रात्रीच करा, सगळे दिवे लावून, चारही फोनवर. मग अशा माणसाला बोलवा ज्याला काहीच माहीत नाही, आणि त्याला काहीही सांगू नका. माझी आई कोडसमोर फोन धरून पुढे काय करायचं म्हणून नुसती थांबली होती. त्यातून आम्हाला कळलं की पान उघडताना "फोन नकाशाकडे वळवा" असं मोठ्या अक्षरात आलं पाहिजे.

भाद्रपद म्हणजे पाऊस. फ्लेक्स ताठ चौकटीवर ताणून लावा. सैल फ्लेक्स वाऱ्याने फुगतो आणि किल्ला डगमगतो. वर छोटं छप्पर करा.

गर्दीच्या दिवशी, विशेषतः गौरी विसर्जनाच्या आसपास आणि शेवटच्या तीन दिवसांत, मोबाइल नेटवर्क अगदी मंद होतं. म्हणून फाइल लहान ठेवायची, आणि म्हणूनच तो जुना टीव्ही. एक फोन तिवईवर फ्लेक्ससमोर कायमचा लावा आणि त्याचा पडदा तारेने टीव्हीवर दाखवा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांना स्कॅन करता येत नाही, ज्यांचं नेट चालत नाही, ते सगळे तिथे बघतात. आमच्याकडे आजी-आजोबा आणि लहान मुलं टीव्हीसमोरच जमायची, आणि तट कोसळला की पोरं ओरडायची. फोन तापतो, त्यामुळे दर दोन तासांनी बदला आणि चार्जरची तार पावसापासून दूर ठेवा.

फ्लेक्सपाशी एक कार्यकर्ता हवाच. त्याचं काम तांत्रिक नाही. "काका, इकडे धरा, थोडं मागे या" एवढं सांगायचं आणि रांग हलती ठेवायची. आमच्याकडे नववीतल्या दोन मुलींनी हे काम इतकं छान केलं की वेढ्याची गोष्टही त्याच सांगू लागल्या.

११. विसर्जनानंतर

पान काढून टाकू नका. आम्ही त्याच पानाला आणखी एक भाग जोडला: गूगलच्या मॉडेल-व्ह्यूअरने तोच किल्ला घरच्या टेबलावर ठेवता येतो, फ्लेक्सशिवाय. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर उघडतो. गल्लीतून नोकरीसाठी पुण्याला, दुबईला गेलेल्या मुलांना लिंक पाठवली आणि त्यांच्या जेवणाच्या टेबलांवर अजिंक्यतारा उभा असलेले फोटो मंडळाच्या ग्रुपवर आठवडाभर येत राहिले.

सगळ्या मूळ फाइली, ब्लेंडरची फाइल, मातीच्या किल्ल्याचे फोटो, संमतीपत्रं आणि गिटहबचा पासवर्ड एका पेन ड्राइव्हमध्ये घालून खजिनदारांकडे जमाखर्चाच्या वहीबरोबर ठेवा. फ्लेक्स गुंडाळी करून ठेवा, घडी घालू नका. घडीच्या रेषेवर पुढच्या वर्षी फोन अडखळतो.